ब्रनोचं पत्र: साडेसहा गुंठे आणि जगात पहिला नंबर

विम्बल्डन सुरू झालं की मला इथे ब्रनोत गावाहून, म्हणजे पोखर्णीहून, आणि परभणीहून फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा चेक देशात इतके टेनिसपटू निपजतात तरी कसे? उत्तरही विचारणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. गोरी माणसं, उंच हाडापेराची, खिशात पैसा, थंड हवा. आमचे मामा तर म्हणतात, "रक्तातच असतंय रे ते." हे पत्र मामांसाठी आणि त्यांच्यासारखं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी.

देश केवढा ते आधी सांगतो. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. 2011 च्या जनगणनेत आपला मराठवाडाच पावणेदोन कोटींच्या पुढे होता. आता एकेरीची जागतिक क्रमवारी बघा. ओस्त्राव्हा या खाणी-कारखान्यांच्या शहरातला इव्हान लेंडल 1983 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि एकंदर 270 आठवडे तिथे राहिला. प्रागची मार्टिना नवरातिलोव्हा 1975 मध्ये देश सोडून अमेरिकेत गेली आणि 1978 मध्ये पहिली झाली. 2017 मध्ये कॅरोलिना प्लिस्कोव्हा पहिली. पेत्र कोर्डा, याना नोव्होत्ना, पेत्रा क्विटोव्हा आणि बार्बोरा क्रेचिकोव्हा दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले.

आणि आपण? पुरुषांची संगणकीय क्रमवारी 1973 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून एकेरीत भारताची सर्वोच्च मजल म्हणजे 1980 मध्ये विजय अमृतराज 18 वा आणि 2007 मध्ये सानिया मिर्झा 27 वी. दुहेरीत मात्र पेस, भूपती, सानिया आणि बोपण्णा हे चौघेही जगात पहिले झाले. बोपण्णा तर 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी. हात आणि नजर आपल्याकडे आहे, हे यावरून कुणालाही कळावं. रक्ताचा मुद्दा मामांनी आता सोडावा.

इथे आल्यावर मी थक्क झालो ते खेडी पाहून. ब्रनोतून बसने बाहेर पडलं की छोटी छोटी गावं लागतात. चर्च, तळं, आग विझवणाऱ्या गावकरी पथकाची शेड, एक खानावळ, आणि बहुतेक ठिकाणी कुंपणाच्या आत विटकरी रंगाचं टेनिस कोर्ट. आपल्याकडे जसा पार, तसं ते. शाळा सुटली की पोरं सायकली कुंपणाला टेकवतात आणि आत जातात.

हे कोर्ट असतं विटांच्या चुऱ्याचं! खाली खडीचे, कचीचे थर, वर विटांची बारीक भुकटी, त्यावर पाणी आणि रोलर. परभणीच्या आसपास वीटभट्ट्यांना तोटा आहे का? फुटक्या विटांचे ढीग आपल्याकडे रस्त्याच्या खड्ड्यात जातात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे खरं. पण घर बांधताना काळी माती उपसून मुरूम भरायचा असतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे. जागा किती लागते, तेही मी मोजलं. चहूबाजूंची मोकळी जागा धरून 120 फूट बाय 60 फूट. म्हणजे साडेसहा गुंठे.

थंडीत इथली कोर्टं गारठून उखडतात, म्हणून वसंत लागताच सगळा क्लब श्रमदानाला जमतो. एका सहकाऱ्याने मलाही नेलं. दातांचे डॉक्टर, ट्राम चालवणाऱ्या एक बाई, शाळेतले मास्तर, सगळ्यांच्या हातात फावडी. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा कोर्टाचे कारभारी. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर ते एकदम म्हणाले, "पुणे! वेसेली!" त्यांच्या यिरी वेसेलीने 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र ओपन जिंकली, ती त्यांना आठवत होती. ती स्पर्धा आता कशी चालली आहे, असं त्यांनी विचारलं. 2023 नंतर ती पुण्यातून गेली आणि तो आठवडा हाँगकाँगला मिळाला, हे सांगताना मला फार वाईट वाटलं. दक्षिण आशियातली पुरुषांच्या जागतिक दौऱ्याच्या दर्जाची एकमेव स्पर्धा आपल्या राज्यात होती आणि आपण ती जाऊ दिली.

खेळ संपला की ज्याने खेळला त्याने कोर्टावरून जाळी ओढायची, रेघा झाडायच्या, पाणी मारायचं, हा इथला नियम. सात वर्षांची पोरगीही जाळी ओढताना दिसते. हे पाहिलं की मला गावाकडची एक गोष्ट आठवते आणि संताप येतो. माझ्या चुलतबहिणीची मुलगी टेनिस शिकायला निघाली होती. जवळ होतं त्या कोर्टाची किल्ली एका माणसाकडे, तो माणूस कधी हजर, कधी गैरहजर. रॅकेटचं गटिंग तुटलं की रॅकेट एसटीने दुसऱ्या शहरात पाठवायची आणि आठवडाभर वाट बघायची. दहावी आली, रॅकेट माळ्यावर गेली. पोरीचा फोरहँड पाहिलेली माणसं अजून हळहळतात.

इथल्या अशा पोरीचं काय होतं, तेही सांगतो. याना नोव्होत्ना ब्रनोची. 1993 ची विम्बल्डन अंतिम लढत हातची घालवून ती ब्रिटिश राजघराण्यातल्या केंटच्या डचेसच्या खांद्यावर रडली होती. 1998 मध्ये तिने ती स्पर्धा जिंकली. पुढे 2014 मध्ये ब्रनोचीच 18 वर्षांची बार्बोरा क्रेचिकोव्हा आईला घेऊन, हातात चिठ्ठी घेऊन तिच्या दारात उभी राहिली: मला पुढची वाट दाखवा. नोव्होत्नाने तिला शिकवायला घेतलं. 2017 मध्ये कर्करोगाने नोव्होत्ना गेली. बार्बोराने 2021 मध्ये फ्रेंच ओपन आणि 2024 मध्ये विम्बल्डन जिंकलं. विजेत्यांच्या फलकावर बाईंच्या नावासोबत आपलं नाव आलेलं पाहून तिला रडू कोसळलं. ही गोष्ट सांगताना इथल्या माणसांचा आवाज बदलतो. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते कमी अंतर. जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेली खेळाडू त्या मुलीला आपल्याच शहराच्या परिसरात सापडली. आपल्या पोरीने कुणाचं दार वाजवायचं?

सगळं इथे गोड आहे असं नाही. वरच्या पातळीवर खेळायचं तर आईबापांचा पैसा इथेही पाण्यासारखा जातो. आणि जुन्या कम्युनिस्ट राजवटीने नवरातिलोव्हाचं नाव वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून पुसलं होतं. 1986 मध्ये ती अमेरिकेच्या संघातून प्रागला खेळायला आली, तेव्हा लोकांनी टाळ्यांनी तिचं स्वागत केलं आणि त्या पुसण्याला उत्तर दिलं.

आपल्या महाराष्ट्रात टेनिसची परंपरा नाही, ही समजूतही चुकीची. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला, मुंबईची लीला राव, 1934 सालची. तिची आई पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री. त्याही टेनिस खेळायच्या. आणि आजची ऋतुजा भोसले श्रीरामपूरची. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. श्रीरामपूर काही ब्रनोपेक्षा मोठं नाही. पण नव्वद वर्षांच्या अंतराने एकेक नाव घ्यावं लागतं, हे दुखतं.

इथे उघड्यावरचं टेनिस एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे महिने फुगवलेल्या तंबूत, हीटर लावून. पोखर्णीत ऑक्टोबर ते मार्च सकाळ-संध्याकाळ जे हवामान असतं, त्यासाठी ही माणसं पैसे मोजतील. आपली गावं यात्रेतल्या कुस्त्यांसाठी घरोघर वर्गणी काढतात, फडाची माती स्वतः कालवतात. कोर्टाचं काम त्याहून अवघड नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीला, शाळेच्या समितीला आणि पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या पुण्या-मुंबईकरांना माझी विनंती आहे: साडेसहा गुंठे काढा आणि किल्ली कुणा एकाच्या खिशात ठेवू नका. कोर्टाच्या थरांचा आराखडा इथल्या आजोबांनी मला कागदावर काढून दिला आहे. जो मागेल त्याला पाठवतो.