पाळीची तारीख आणि नोकरी

मुलींना मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय?" किंवा "मूल झाल्यावर सांभाळणार कोण?" असं आजही बिनदिक्कत विचारतात. शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला मात्र नाही! पण एलआयसीच्या जुन्या छापील फॉर्मपुढे हे काहीच नाही. पाळी नियमित येते का, दुखतं का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झालाय का... हे सगळं नोकरीवर घेताना स्त्री उमेदवाराने स्वतः लिहून द्यायचं. पॉलिसी विकत घेताना नव्हे हं, नोकरीसाठी.

एका उमेदवाराला १९८९ मध्ये तिथे नोकरी मिळाली. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बाळ झाल्यावर प्रोबेशनवरच तिला काढून टाकलं. कारण काय, तर फॉर्ममधली पाळीची तारीख चुकीची! खरं तर कंपनीच्याच डॉक्टरबाईंनी तपासून तिला फिट ठरवलं होतं. हायकोर्टात ती हरली. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये तिला कामावर परत घ्यायला लावलं, आणि हे रकाने लाजिरवाणे, किंबहुना अपमानास्पद असल्याचं सांगून फॉर्ममधून काढायला सांगितले.

तुम्हाला कोणी काय विचारलंय? कंपनीचं नाव न घेता लिहा.