थरथरणारा हात आणि ट्रोडॅट स्कॅन

सीवूड्समधल्या एखाद्या घरात आजोबांचा उजवा हात मांडीवर विसावलेला असतानाच थरथरू लागतो. चालताना तो हात हलत नाही, सहीचं अक्षर बारीक होत जातं. घरचे एमआरआय करून घेतात, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. त्यांनी इतक्यात निर्धास्त होऊ नये.

नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, येऊन गेलेला छोटा झटका, मेंदूत साचलेलं पाणी अशी कारणं वगळायला तो हवाच. पण पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि ही घट त्यात सहसा दिसत नाही.

ती टिपायला अणुवैद्यक विभागात जावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी ट्रोडॅट स्कॅन होतो. या पेशींचे लांब तंतू मेंदूच्या आतल्या 'स्ट्रायेटम' या भागात पोचतात. वापरून झालेलं डोपामीन परत ओढून घेणारी प्रथिनं या तंतूंच्या टोकांवर असतात. ट्रोडॅटचा रेणू नेमका त्यांनाच चिकटतो. त्याला टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून शिरेतून इंजेक्शन देतात. तीन-चार तासांनी डोक्याभोवती फिरणारा गॅमा कॅमेरा त्यातून निघणारे किरण टिपतो. कॅमेरा फिरत असेपर्यंत मान स्थिर ठेवून पडून राहावं लागतं, आणि कंप असलेल्या माणसाला हेच सर्वांत जड जातं.

टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. रुग्णालयात त्याचा जनरेटर येतो. त्यातल्या मॉलिब्डेनम-99चं अर्धायुष्य सुमारे 66 तासांचं. त्यातून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं आणि हवं तेव्हा सलाइन सोडून ते वेगळं काढतात. असे जनरेटर अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था वाशीत तयार करते. सीवूड्सहून सीएसएमटीकडे निघालं की लोकलचं चौथं स्टेशन! शेजारच्या या कामाची आपल्याला फारशी माहिती नसते, याची मला खंत वाटते.

निरोगी मेंदूच्या चित्रात दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. पार्किन्सन्समध्ये त्यांची शेपटी आधी पुसट होते, मग उरतो पूर्णविराम. उजवा हात थरथरत असेल, तर बहुधा डावी बाजू जास्त फिकी असते.

हा स्कॅन एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: डोपामीनच्या तंतूंची टोकं शाबूत आहेत का? 'इसेन्शियल ट्रेमर' या वेगळ्या कंपात ती शाबूत असतात. औषधांमुळे आलेल्या कंपातही असतात. पण पार्किन्सन्ससारखेच दिसणारे पीएसपी आणि एमएसए हे आजारही चित्र फिकं करतात. त्यांतला फरक ट्रोडॅट सांगू शकत नाही. म्हणून निदान आजही न्यूरॉलॉजिस्ट तपासून, चालायला लावून, बोटं मिटायला-उघडायला सांगून करतात. लक्षणं स्पष्ट असतील, तर हा खर्च करायची गरजही नसते. शंका उरली, तरच स्कॅन.

त्याआधी एक काम मात्र घरीच करा. आजोबा घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. अॅसिडिटीच्या कित्येक गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, चक्करच्या गोळ्यांत सिनारिझीन. दोन्हींमुळे हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती गोळी थांबवली, की बहुतेकांचा कंप काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो.