वर्गणीची तबकडी

लिव्हरपूलमधली ‘क्वारीमेन’ ही पाच पोरांची वाद्यमंडळी. जुलै १९५८ मध्ये वर्गणी काढून ती पर्सी फिलिप्स यांच्याकडे गेली. राहत्या घरातल्या खोलीत ते ध्वनिमुद्रण करून देत. मायक्रोफोन एकच! जॉन लेनन सतरा वर्षांचा, पॉल मॅकार्टनी सोळाचा, जॉर्ज हॅरिसन तर पंधराचाच. पियानोवर जॉन लो, ड्रमवर कॉलिन हँटन. एक गाणे बडी हॉलीचे, दुसरे घरचेच. तबकडी मात्र एकच निघाली. मग काय, ती पाळीपाळीने प्रत्येकाने आठवडाभर ठेवायची असे ठरले. लोच्या घरी गेली आणि तिथेच विसावली, वीसहून अधिक वर्षे! तेवढ्यात तिघे ‘बीटल्स’ म्हणून जगभर गाजले, १९७० मध्ये वेगळेही झाले. १९८० मध्ये लेननचा खून झाला. मॅकार्टनीने ती तबकडी लोकडून विकत घेतली १९८१ मध्ये.