पाण्याचा प्रश्न आणि ग्रामसभा

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. गंगाखेड गोदाकाठी असले तरी राणीसावरगाव बालाघाटच्या डोंगराळ भागात वसलेले आहे. ह्या भागात जमिनीखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढे पाणी मुरते तेवढेच विहिरींच्या वाट्याला येते. एकाने खोल बोअर घेतली की शेजाऱ्याची विहीर आटू लागते. मग तोही अधिक खोल जातो. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

पाणी पिण्यासाठी किती ठेवायचे आणि उसाला किती द्यायचे, हा प्रश्न राजकीय आहे. तो भाविकांनी टाळावा असे आम्हांस वाटत नाही. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून अनिर्बंध बांधकाम आणि टँकरने होणारा पाणीउपसा ह्यांविरुद्ध जनतेला संघटित केले. धर्मगुरूंनी राजकारणात का पडावे, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातोच. पुढे २०२० मध्ये हेच फादर मराठवाड्यातच, उस्मानाबाद येथे, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला आहे.

खेड्यात मोर्चापूर्वीची जागा ग्रामसभा होय. तिच्या गणपूर्तीस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो तरी ठराव होतात. मूठभरांच्या मताने होतात, एवढेच.

तेथे विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. सार्वजनिक विहिरीच्या ५०० मीटर परिसरात नवी बोअर घेतली गेली आहे काय? २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर घातलेले निर्बंध गावात पाळले जातात काय? पाणी वाहून आणणाऱ्या भगिनींना तर ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभेची तरतूद आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे विचारावे, कारण रब्बीची पिके त्याच सुमारास ठरतात आणि विहिरींत तेव्हा पाणी असते.