आजोबांचे एंजिन

यवतमाळजवळील लोहाऱ्यासारख्या गावाच्या शिवारात आज बहुतेक विहिरींवर विजेचे पंप दिसतात. तरी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी आजोबांच्या काळचे डिझेल एंजिन जपून ठेवलेले असते. वीज गेली म्हणजे सुकणाऱ्या पिकाला त्याचाच आधार.

या एंजिनाला ठिणगी लागत नाही. नळकांड्यातील हवा दट्ट्याने दाबली, की ती अतिशय तापते. तीत डिझेलचा फवारा सोडताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली असे एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

फवाऱ्याची छिद्रे अतिशय बारीक असतात. धुळीच्या कणांनीही ती बुजतात. म्हणून डिझेल नेहमी गाळून भरावे. वंगणाचे तेल खराब झाले, तर धातूवर धातू घासतो. म्हणून ते वेळच्या वेळी बदलावे. थंडाव्याचे पाणी थांबले, तर तापलेला दट्ट्या जागीच अडकतो. म्हणून त्याकडे लक्ष असावे. काम नसतानाही एंजिन अधूनमधून चालवावे. नाहीतर आतून गंज चढतो.

यंत्र वापराने झिजते थोडे, हयगयीने फार. ज्याने रोज निगा राखली, त्याला अडचणीच्या वेळी ते दगा देत नाही.