फुग्याला बाधते ती थंडी

सोलापूरच्या एका स्नेह्याने वर्तमानपत्रातलं निवेदन पाठवलं: आभाळातून पॅराशूटला बांधलेली यंत्रं शेतात उतरली तर हात लावू नये, पोलिसांना कळवावं. निवेदन टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद बलून केंद्राचं. संस्थापक होमी भाभांच्या काळात वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी या संस्थेने रबरी फुगे सोडले, तिथून हा वारसा सुरू होतो. इतिहास एवढा पुरे. मला भुरळ घातली ती आताच्या फुग्यांच्या प्लास्टिकने.

फुग्याचं प्लास्टिक जेमतेम वीसेक मायक्रॉनचं, केसाहूनही पातळ. परकराच्या कळ्या जोडाव्यात तशा लांबलचक पट्ट्या उष्णतेने चिकटवत जायचं. एक सांधा कच्चा राहिला की सगळी मेहनत वाया. सोडताना हायड्रोजन फक्त डोक्यात भरतात, बाकीची पिशवी रिकामी लोंबत असते. जमिनीवर पाहणाऱ्याला हा फुगा अर्धपोटी वाटेल. पण चाळीस किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या तीनशेव्या भागाहूनही कमी, तेव्हा तेवढाच वायू पसरून सगळी पिशवी भरून टाकतो.

खरी परीक्षा त्याआधीच, तासाभरात येते. आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून डोक्यावरचं आभाळही उबदार असेल असं वाटतं ना? उलट आहे. उष्ण कटिबंधात सतरा किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ऐंशी अंश सेल्सियसच्या खाली जातं. युरोप-अमेरिकेच्या आकाशात सहसा इतका गारठा लागत नाही. तिथल्या हवामानाला साजेसं प्लास्टिक इथे काचेसारखं तडकू शकतं. म्हणून या थंडीतही लवचीक राहणारं प्लास्टिक लागतं.

२००५ साली असाच सुमारे साडेसात लाख घनमीटरचा फुगा ४५९ किलोंचं ओझं घेऊन वर गेला. वरच्या हवेत जीव शोधण्याच्या या प्रयोगात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. द्रवरूप निऑनने गारठवलेल्या पोलादी नळ्यांत वरची हवा साठवून आणली. त्या हवेत सापडलेल्या जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती २००९ मध्ये जाहीर झाल्या, तपासणीत पुण्याची एक प्रयोगशाळाही होती.

एवढं सगळं साधलं, तरी या फुग्याला सुकाणू नाही. खालचे नि वरचे वारे कधी उलटसुलट असतात; तो आधी एकीकडे जातो, मग परत फिरतो. मोसम नि वेळ निवडणं एवढंच माणसाच्या हाती, आणि शेवटी रेडिओ-संदेशाने यंत्रांचा दोर कापणं. घाई केली तर निरीक्षणं अपुरी राहतात, उशीर झाला तर यंत्रं भलतीकडे. कापल्यावर मात्र पुन्हा वाराच मालक. काही यंत्रांत उच्च दाबाची वीज असते, आणि ती उतरतात विशाखापट्टणम ते सोलापूर पट्ट्यात कुठेही, पहाटे एखाद्याच्या उभ्या ज्वारीत, जिथे ते निवेदन कुणी वाचलेलं असेलच असं नाही.