जोडीचा प्रोसेसर

सर्व्हर मंदावला की त्याला दुसरा प्रोसेसर बसवावा, म्हणजे काम दुप्पट वेगाने होईल, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. पैसा संस्थेचा जातो, आणि संस्था पतपेढी असली तर तो ठेवीदारांचा असतो. म्हणून खांदा कॉलनीतील एखादी पतपेढी डोळ्यांपुढे ठेवूनच आपण या गोष्टीचा विचार करू. पनवेलनजीक २०२० साली योट्टा कंपनीचे एनएम-१ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत दोन प्रोसेसरांचे सर्व्हर ही नित्याची बाब आहे. परंतु तेथे चालते म्हणून पतपेढीच्या मागल्या खोलीतल्या एकुलत्या एक सर्व्हरला ते मानवेलच असे नाही.

अनेक गणकांना एका कामाला जुंपण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तो याच तत्त्वावर. अतिवेगवान असा एकच प्रोसेसर मिळण्याची वाट न पाहता ट्रान्सप्युटर नावाचे साधे प्रोसेसर त्यांनी एकमेकांना जोडले. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र, आणि शेजाऱ्याशी बोलायला निराळ्या तारा. खरे कष्ट पडले ते मात्र काम वाटून देण्याची रीत बसवताना. आजच्या सर्व्हरपुढेही अडचण तीच आहे.

ही अडचण १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने नेमकी मांडली. समजा, मार्चअखेरचे व्याज लावण्यास आपल्या सर्व्हरला ६० मिनिटे लागतात. त्यांपैकी ४५ मिनिटांचे काम खातेवार वाटून देता येते. उरलेली १५ मिनिटे एकामागून एक अशाच क्रमाने जाणाऱ्या नोंदींची आहेत. दुसरा प्रोसेसर आला तर ४५ ची साडेबावीस होतील, १५ ची पंधराच राहतील. एकूण साडेसदतीस; तीस नव्हेत. हाही हिशेब वाटणी निर्वेध झाली तर! आजच्या एकेका प्रोसेसरात मुळातच आठ, सोळा किंवा त्याहून अधिक कोअर असतात. आपला हिशेबाचा प्रोग्राम त्यांतला एकच कोअर राबवीत असेल आणि बाकीचे बसून असतील, तर दुसरा प्रोसेसर म्हणजे बसून राहणाऱ्यांत आणखी भर. म्हणून गर्दीच्या वेळी प्रत्येक कोअर किती राबतो हे आधी पाहावे. सारे थकलेले दिसले तरच पुढची पायरी. पुष्कळदा दोषी ठरते ती जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी मेमरी, आणि तो उपाय बराच स्वस्त असतो. शिवाय काही डेटाबेसचा परवाना कोअरच्या संख्येवर आकारला जातो, हे दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगतो.

आता मेमरीविषयी. याच जागी लोक अधिक फसतात. दोन प्रोसेसरांच्या बोर्डावर मेमरीचे अर्धे खाचे पहिल्याचे, अर्धे दुसऱ्याचे असतात. दुसरा नसेल तर त्याच्या बाजूचे खाचे आणि त्याला जोडलेले कार्डांचे काही खाचेही मृतवत् असतात. दुसरा बसवला आणि मेमरी सगळी पहिल्याकडेच ठेवली, तर दुसऱ्याला प्रत्येक आकडा पहिल्याच्या दारातून मागून आणावा लागतो. एका कारकुनाच्या टेबलावर सगळ्या खतावण्या आणि दुसऱ्याने दर नोंदीला उठून तिकडे जायचे, असा तो प्रकार. या फेरीला जवळच्या मेमरीपेक्षा सुमारे दीडपट वेळ लागतो. म्हणून मेमरीच्या पट्ट्या दोन्हीकडे सारख्या वाटाव्यात. दुसऱ्या प्रोसेसरबरोबर मेमरीचाही खर्च धरावा, तो यासाठी.

जोडी कशी हवी, हे बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावे लागत नाही. दुसरा प्रोसेसर पहिल्याच्याच क्रमांकाचा हवा, आणि जोडीने चालणारा हवा. एएमडीच्या ईपिक जातीत नावाच्या शेवटी 'पी' हे अक्षर असलेले प्रोसेसर एकटेच चालतात. पहिला तसा निघाला तर विषय तेथेच संपला. नव्या प्रोसेसरचा उष्णतावाहक, त्या बाजूचे पंखे आणि वीजपुरवठ्याची ताकद हेही पाहावे. प्रोसेसरला शे-दोनशे वॉट सहज लागतात, आणि आमच्या मते यूपीएसचा विचार सर्वांत शेवटी होतो, तो सर्वांत आधी व्हायला हवा.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे, पण हात सावकाश हवा. आधी सर्व नोंदींची प्रत काढून ती वाचता येते का ते पाहावे, बायॉस अद्ययावत करावे, मग वीज तोडून वायरी काढाव्यात. कोकणच्या दमट हवेत अंगावर स्थिरविद्युत फारशी साठत नाही, पण वातानुकूलित खोलीची हवा कोरडी असते, मनगटपट्टा बांधावाच. इंटेलच्या एका बैठकीत ३६४७ बारीक स्पर्श असतात. त्यांतला एक वाकला तरी बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून तेथे बोट लावू नये. त्रिकोणी खूण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबू नये. काही बनावटींत तो आधी उष्णतावाहकात अडकवून मग दोन्ही एकत्र उतरवतात. स्क्रू आळीपाळीने, कंपनीने छापलेल्या क्रमाने आवळावेत.

वीज दिल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहतो. यंत्र नव्या मेमरीची ओळख करून घेत असते. घाबरून बटण दाबू नये. चालू झाल्यावर लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्यावी, सॉकेटपुढे २ हा आकडा दिसला पाहिजे. मग व्याजाचे तेच काम त्याच नोंदींवर पुन्हा चालवावे आणि घड्याळ लावून आधीच्या ६० मिनिटांशी ताडून पाहावे.